मोहोळ उठलं की जखमी मोजतात, डोळ्याचं कोण विचारतो?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी संपत आला की तुमच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. कुठे अंत्यविधीला जमलेल्या लोकांवर मोहोळ उठलं, कुठे गडावर गेलेल्या पोरांवर, कुठे पाण्याच्या टाकीखाली खेळणाऱ्या शाळकरी मुलांवर. इतके जखमी, दोघं गंभीर, उपचार सुरू, संपली बातमी. शिवनेरीचं नाव तर या बातम्यांत किती वेळा आलं असेल, अजिंठ्याचंही येतं. मला यात एकच खटकतं आणि ते बरीच वर्षं खटकतंय, की त्या जखमींपैकी डोळ्यात कितीजणांना चावलं आणि महिन्याने त्यांना दिसतंय का, हे कधीच कोणी छापत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबणार आहे, कापायचं असेल तर माझ्याबद्दलचा भाग कापा पण चुना आणि ड्रॉपबद्दल लिहिलंय ते तेवढं ठेवा.

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होतो, आता रिटायर आहे. पदाच्या नावात अधिकारी असलं तरी आम्ही डॉक्टर नसतो हो, चष्म्याचे नंबर काढणं, शाळांमधली तपासणी, मोतीबिंदूचे पेशंट शोधून कॅम्पला पाठवणं ही आमची कामं. पण तालुक्याच्या ठिकाणी डोळ्याचे डॉक्टर रोज असतातच असं नाही, त्यामुळे डोळा धरून आलेला माणूस पहिल्यांदा आमच्याच खुर्चीत बसतो. मधमाशी, गांधीलमाशी, केसाळ अळी, पावसाळ्यातले किडे, सगळं बघितलंय.

आता मधमाशी डोळ्यालाच का चावते? आग्या मोहोळाच्या माश्या चिडल्या की त्या तोंडाकडे येतात, कारण आपला उच्छ्वास तिथून निघतो, हलणारी काळी वस्तू त्यांना पटकन दिसते आणि केस, भुवया, डोळे सगळं काळंच. त्यात एक माशी चावली की ती जागेवर एक वास सोडून जाते, पिकलेल्या केळ्यासारखा येतो तो वास, आणि त्या वासावर बाकीच्या येतात. म्हणून हाताने माश्या झटकत उभं राहण्यात अर्थ नसतो, झटकून मारलेली माशीसुद्धा तोच वास सोडते. उपरणं, ओढणी, पदर, गोणपाट जे असेल ते तोंडावर घ्यायचं, पुढचं दिसण्यापुरतं उघडं ठेवायचं आणि पळत बंद घरात किंवा गाडीत शिरायचं. विहिरीत उडी मारू नका, माश्या वर थांबून राहतात आणि पोहता न येणारा माणूस फुकट जातो. स्मशानात हे जास्त का होतं तर धूर. चितेचा धूर वर झाडावरच्या पोळ्याला लागतो आणि मग कोणाला आवरत नाही. ज्या स्मशानभूमीत पिंपळावर, वडावर आग्या मोहोळ बसलंय ते गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं, ग्रामपंचायतीला पण असतं. तिथे साधा बोर्ड लावायला आणि उन्हाळ्यापुरती चितेची जागा पलीकडे हलवायला कोणाच्या परवानगीची वाट बघतायत कळत नाही.

असो. डोळ्यावर येतो.

पापणीवर चावलं तर डोळा सुजून बंद होतो, माणूस भयंकर दिसतो, घरचे रडायला लागतात, पण बऱ्याचदा दोन-तीन दिवसात सूज उतरते आणि डोळा शाबूत असतो. खरी भीती याच्या उलट प्रकाराची असते, बाहेरून फारसं काही दिसत नाही, थोडा लाल, पाणी येतंय, आणि नांगी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात म्हणजे कॉर्नियात रुतलेली. हा पडदा मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात म्हणून ती बाहेर निघत नाही, माशी उडताना नांगी आणि विषाची पिशवी तिथेच तुटून राहते आणि माशी मरते. ती पिशवी माशी गेल्यावरही आकुंचन पावत राहते आणि विष आत ढकलते, बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदातच जातं. गांधीलमाशीचं वेगळं, तिची नांगी गुळगुळीत, ती काढून घेते आणि परत मारते, म्हणून तिथे नांगी सापडत नाही पण विष असतंच.

विष करतं काय? मधमाशीच्या विषात मेलिटिन नावाचं द्रव्य असतं, सुकवलेल्या विषाचा साधारण निम्मा भाग तेच, आणि त्याचं काम म्हणजे पेशींची आवरणं फोडणं. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, विहिरीवरच्या मोटरसारखा तो रात्रंदिवस कॉर्नियातलं पाणी उपसत असतो म्हणून कॉर्निया काचेसारखा स्वच्छ राहतो. या पेशी माणसात एकदा मेल्या की नवीन तयार होत नाहीत. विषाने त्यातल्या बऱ्याच गेल्या की पाणी साचतं, कॉर्निया फुगतो, धुरकट होतो, आणि गावात लोक म्हणतात डोळ्यात फूल पडलं. शिवाय आत सूज येते, बाहुली नीट हलत नाही, डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, विष आतल्या भिंगापर्यंत पोचलं तर तरुण माणसाला मोतीबिंदू होतो, आणि क्वचित मागच्या नसेला सूज येऊन नजर अचानक जाते. हे सगळ्यांना होतं असं अजिबात नाही, वेळेत आलेले बरेच जण पूर्ण बरे होतात, मी बघितलेत. पण कोणाला होणार आणि कोणाला नाही हे पहिल्या दिवशी टॉर्च मारून सांगता येत नाही, त्याला स्लिट लॅम्प लागतो, म्हणजे उजेडाच्या बारीक पट्टीत डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र.

आता मला ज्या गोष्टीचा राग येतो ती सांगतो. माणूस आमच्यापर्यंत येतो तेव्हा डोळ्यात आधीच काय काय गेलेलं असतं! माशी चावली की चुना लावायचा हे आपल्याकडे रक्तात आहे, हाताला-पायाला लावतात ते एकवेळ सोडा, पण पापणीवर चावलं म्हणून पापणीला चुना लावला की तो पाण्याबरोबर डोळ्यात उतरतो. चुना अल्कली आहे, अ‍ॅसिडपेक्षा वाईट, कारण तो डोळ्यात थरामागून थर आत शिरत जातो. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांचे डोळे गेल्याच्या केसेस डोळ्याच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. मधमाशीने जेवढं केलं नसतं तेवढं चुना करतो. मग कोणी कांद्याचा रस पिळतं, कोणी मध घालतं (माशीचंच विष माशीच्याच मधाने उतरतं म्हणे), कोणी अंगावरचं दूध, कोणी किल्ली घासतं. डोंगळ्याच्या रानात काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये फुलं आली की माश्यांची झुंबडच असते आणि ती लागतेच, नाहीतर बी धरत नाही. माशी चावली डोळ्यात, मुकादमाने चिमट्याने नांगी ओढून काढायचा प्रयत्न केला, पिशवी दाबली गेली, नांगीचं टोक मोडून आत राहिलं. वर मेडिकलमधून ड्रॉप आणून चार दिवस घातले. आल्या तेव्हा कॉर्निया पांढरट झालेला. शहरात पाठवल्या, ऑपरेशन झालं, थोडं दिसायला लागलं, पण सुईत दोरा ओवणं त्यांना परत जमलं नाही. मुकादमाला मी दोष देत नाही, त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

यावर कोणी म्हणेल की नांगी लवकर काढा असंच तर सगळीकडे लिहिलेलं असतं. बरोबर आहे, कातडीवर असेल तर जितकी लवकर निघेल तितकं चांगलं, नखाने खरवडा नाहीतर ओढा, वेळ घालवू नका. डोळ्यात मात्र तो नियम लागू नाही. माणूस सावरून आरशात बघेपर्यंत विष जायचं तेवढं गेलेलं असतं, आता घरी ओढाओढ करून फक्त टोक मोडणार किंवा कॉर्नियाला भोक पडणार. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा. स्वच्छ पाण्याने हळू धुवायला हरकत नाही, चुना किंवा फवारणीचं औषध गेलं असेल तर मात्र ताबडतोब आणि भरपूर, अर्धा तास तरी धुवा, मग निघा. चहाचा कागदी कप उपडा करून डोळ्यावर चिकटपट्टीने लावा म्हणजे रस्त्यात हात लागत नाही, आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे.

पण त्याच्याही आधी एक बघा. अंगावर खूप ठिकाणी चावलं असेल, किंवा एकच चावली पण अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, तर डोळा बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते मिनिटांचं काम आहे. खूप माश्या चावलेल्या माणसाच्या किडन्या एक-दोन दिवसांनी बंद पडू शकतात, म्हणून बरं वाटतंय म्हणून लगेच घरी पळू नये, लघवी लाल-काळी होतेय का बघावं.

मेडिकलमधल्या ड्रॉपचं जरा सविस्तर लिहितो कारण इथेच लोक फसतात आणि शिकलेले जास्त फसतात. मधमाशीच्या केसमध्ये डॉक्टर स्टेरॉईडचे ड्रॉप देतात हे खरं आहे, प्रेडनिसोलोन वगैरे, सूज मारायला तेच लागतं, आणि सोबत अँटिबायोटिक, बाहुली मोठी करायचा ड्रॉप म्हणजे आतलं दुखणं कमी होतं आणि बाहुली भिंगाला चिकटत नाही, प्रेशर वाढलं असेल तर त्याची गोळी. मग लोक म्हणतात, तेच ड्रॉप आम्ही मेडिकलमधून घेतले तर काय बिघडलं? बिघडतं असं की डोळा लाल का आहे हे दुकानदाराला कळत नाही. उसाचं पातं लागून, भाताचं कूस लागून डोळ्यात बुरशी वाढते आणि बुरशीत स्टेरॉईड घातलं की ती फोफावते, मग डोळा काढायची वेळ येते. उसाच्या पट्ट्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. आणि नांगीबरोबरही जंतू आत जाऊ शकतात. म्हणून आधी स्लिट लॅम्पवर बघून मग स्टेरॉईड, किती द्यायचं आणि कधी कमी करायचं हे बघणाऱ्याने ठरवायचं. दुसरं, तपासताना डोळा बधिर करायचा ड्रॉप घालतात, त्याने झटक्यात आराम पडतो, आणि अर्धे पेशंट जाताना म्हणतात तो पहिला ड्रॉप लिहून द्या. तो घरी वापरायचा नसतोच. वारंवार घातला तर कॉर्नियाची जखम भरत नाही उलट वाढते.

नांगीचं पुढे काय करतात? वरवर असेल तर डोळा बधिर करून स्लिट लॅम्पखाली बारीक चिमट्याने किंवा सुईने काढतात. खोल असेल तर ऑपरेशन थिएटरमध्ये मायक्रोस्कोपखाली. डोळ्याच्या आत विषाने फार सूज असेल तर आतला भाग धुतात पण. अगदी खोलवर शांत बसलेली जुनी नांगी काही डॉक्टर तशीच ठेवतात आणि नजर ठेवून राहतात, यात डॉक्टरांत दोन मतं आहेत, त्यामुळे एकाने काढली आणि एकाने नाही काढली म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. एक जागा मात्र हमखास चुकते, वरच्या पापणीची आतली बाजू. पापणीतून नांगीचं टोक आत येतं आणि प्रत्येक उघडझापीला कॉर्नियावर ओरखडा ओढतं. डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या लाइटमध्ये बघितलं की उभे ओरखडे दिसतात, तेव्हा पापणी उलटी करून बघावीच लागते. ती रंगाची पट्टी काही फार महाग नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवायला काय अडचण आहे हे मला नोकरीत असतानाही कळलं नाही.

बरं वाटल्यावर लोक परत येत नाहीत. प्रेशर आणि मोतीबिंदू नंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी उगवतात, तोपर्यंत माणूस विसरलेला असतो. फॉलोअपला या म्हटलं की म्हणतात आता दिसतंय की. ज्यांचा कॉर्निया अगदीच गेला त्यांना नेत्ररोपण करावं लागतं आणि त्यासाठी कोणीतरी मेल्यावर डोळे दिलेले असावे लागतात. 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर नेत्रदान पंधरवड्यात आपण सगळे प्रभातफेरी काढतो, फॉर्म भरतो, आणि प्रत्यक्षात घरात मयत झाली की कोणाला फोन करायचं सुचत नाही. तो वेगळा विषय आहे, त्यावर परत कधी लिहीन.

गांधीलमाशीबद्दल शेतकऱ्यांना खास सांगायचंय. मोटरच्या स्टार्टरची पेटी. रात्री लाइट येते, माणूस झोपेतून उठून बॅटरी घेऊन जातो, पेटीचं दार उघडतो आणि आत गांधीलमाश्यांचं पोळं, बरोबर तोंडासमोर. या केसेस मी मोप बघितल्यात आणि सगळ्या चेहऱ्यावर. दार उघडताना बाजूला उभं राहायचं, तोंड समोर धरायचं नाही, आधी काठीने दार ठोकायचं, आणि दिवसा एकदा पेटी उघडून बघून ठेवायची. गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांना माश्यांची इतकी सवय होते की भीती जाते, तिथे साधा प्लॅस्टिकचा गॉगल पुरतो पण घालतो कोण, वाफ धरते म्हणतात. टू-व्हीलरवाल्यांचं तसंच, हेल्मेट डोक्यावर आणि काच वर. साठच्या स्पीडला माशी डोळ्यावर आपटली तर चावायची पण गरज नाही, आपटण्यानेच कॉर्निया खरवडतो. आणि गाडी चालवत एका हाताने डोळा चोळणारे बघितले की मला त्यांच्या डोळ्यापेक्षा मागे बसलेल्या बाळाची काळजी वाटते.

पावसाळ्यात तर वेगळीच तऱ्हा. ट्यूबलाइटजवळ बारीक मुंगीसारखा काळा-नारिंगी किडा येतो, तो चावत पण नाही, डंख पण मारत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा लाल पट्टा, पाण्याचे फोड. हात तसाच डोळ्याला लागला की डोळा सुजतो. आपल्याकडे पट्टा दिसला की नागीण झाली म्हणून गेरू लावतात, उतरवायला नेतात. खरं तर साबणाच्या पाण्याने धुवायचं, किडा फुंकर मारून उडवायचा, चिरडायचा नाही, आणि डोळ्याला लागलं तर दाखवायचं. केसाळ अळ्यांचे केस पण वाईट, ते डोळ्यात रुतून हळूहळू आत सरकतात. 2022 मध्ये उसावरच्या घोणस अळीने सगळ्या पेपरांची पानं भरली होती, व्हॉट्सअ‍ॅपवर तर माणसं मारून टाकली होती तिने, तेवढ्या जागेत डोळ्यात केस गेला तर चोळू नका हे एक वाक्य बसलं असतं.

आता कोणी असं समजू नये की मी माश्या मारा म्हणतोय. पोळी जाळायला जे लोक रात्री मशाली घेऊन चढतात त्यांच्याच डोळ्यात जळकं पडतं आणि डाळिंब, कांदा, सूर्यफूलवाल्यांना माश्या हव्याच आहेत, लोक भाड्याने पेट्या आणून ठेवतात. पुण्यात केंद्र सरकारची मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरजवळचं मांघर तर 2022 पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथले लोक जाळीची टोपी घालून काम करतात. पोळं अडचणीच्या जागी असेल तर अशा माहीतगार माणसाला बोलवा, सोसायटीच्या वॉचमनला फवारा देऊन वर चढवू नका.

हे सगळं अशक्य नाही म्हणून सांगतो. विंचवाने माणसं पटापट मरायची तो काळ कोकणातल्या लोकांना आठवत असेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, नुसतं शोधून थांबले नाहीत तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवत राहिले, आणि साधी गोळी गावोगाव पोचली. साप आणि विंचवाचे तक्ते आज आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असतात. त्याच भिंतीवर डोळ्याचा एक कागद लावा एवढंच माझं म्हणणं आहे. गडांच्या पायथ्याशी अत्तर लावून जाऊ नका, फटाके वाजवू नका, धूर करू नका असे बोर्ड हवेत आणि त्याच बोर्डावर खाली जवळच्या डोळ्याच्या दवाखान्याचं नाव.

आणि संपादक साहेब, तुमच्यासाठी एक काम. मधमाश्यांची बातमी लावाल तेव्हा खाली चौकटीत चार ओळी टाका, डोळा चोळू नका, चुना लावू नका, डोळ्यातली नांगी ओढू नका, मेडिकलचे ड्रॉप घालू नका. आणि बातमीदाराला सांगा महिन्याने त्या गावात परत एक फोन कर आणि जखमींना विचार, वाचता येतंय का. मिळालेली उत्तरं छापा.

आपला,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी,
जुन्नर तालुका, जि. पुणे